बर्फावरच्या मासेमारीसाठी यंत्राचे गिरमिट : कोणते घ्यावे आणि कसे वापरावे?

थंडीचा_पाहुणा
१६ नोव्हेंबर

मिनेसोटात आमचा हा चौथा हिवाळा. मूळ गाव गुहागरजवळचे असल्यामुळे गळ, तंगूस आणि आमिष यांची ओळख लहानपणापासून आहे. पण खाडीकाठी दगडावर बसून गळ टाकणे वेगळे आणि गोठलेल्या तलावाच्या मध्यावर उभे राहून आपल्याच पायाखाली भोक पाडणे वेगळे, हे गेल्या वर्षी कळले. शेजारचे आजोबा मला व्हाइट बेअर लेकवर घेऊन गेले होते. त्यांच्याकडे हाताने फिरवायचे ऑगर (बर्फाला भोक पाडायचे गिरमिट) होते. पहिली दोन भोके मी हौसेने पाडली, पाचव्या भोकापर्यंत जॅकेटच्या आत घामाने आंघोळ झाली आणि पुढचे दोन तास तोच घाम गार होऊन अंगाला चिकटून बसला. मासे मिळाले सात, सगळे तळहाताएवढे ब्लूगिल.

या वर्षी यंत्रावर चालणारे ऑगर घ्यायचे ठरवले आहे. दुकानात गेलो तर पेट्रोल, प्रोपेन, ४० व्होल्टची बॅटरी आणि साध्या ड्रिलला लावायचे नुसते पाते असे चार प्रकार दिसले, आणि त्या प्रत्येकात ६, ८ आणि १० इंच असे व्यास. माझ्याकडे कपाटे जोडण्यासाठी घेतलेले १८ व्होल्टचे ड्रिल आहे. आमच्याकडे स्नोमोबाईल नाही. घसरगाडी ओढत पायीच जायचे, सोबत नऊ आणि सहा वर्षांच्या दोन मुली. बहुतेक वेळा जवळचेच तलाव, पण जानेवारीत एकदा मिल लॅक्स तलावावर जायचा बेत आहे. ज्यांनी ही यंत्रे प्रत्यक्ष वापरली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

तलावकाठी
१६ नोव्हेंबर

डलुथजवळ चौदा हिवाळे काढल्यानंतरचे माझे मत असे की, गिऱ्हाईक इंजिन निवडायला जाते, पण खरी निवड व्यासाची असते, आणि व्यास एकदा ठरला की निम्मे पर्याय आपोआप गळून पडतात.

एक साधा हिशेब करून पाहा. बर्फ २० इंच जाड असेल, तर ६ इंची भोकातून सुमारे साडेआठ किलो बर्फ खोदून वर काढावा लागतो. तेच भोक ८ इंची केले तर सुमारे १५ किलो, आणि १० इंची केले तर साडेतेवीस किलो. दिवसभरात वीस भोके पाडली, तर ६ आणि ८ इंचांमधला फरक सव्वाशे किलोच्या वर जातो. हा बर्फ कुणीतरी खोदायचाच आहे; मग ते तुमचे दंड असोत, बॅटरी असो की पेट्रोल.

ब्लूगिल, क्रॅपी आणि पर्च या लहान माशांना ६ इंच पुष्कळ झाले. वॉलाय धरायचा असेल आणि त्याच भोकात मासे दाखवणाऱ्या सोनार यंत्राचे टोकही सोडायचे असेल, तर ८ इंच सोयीचे पडते, कारण मोठा मासा भोकाच्या तोंडाशी आला की त्याचे डोके वर वळवायला जागा लागते आणि नेमक्या त्याच वेळी तंगूस सोनारच्या वायरीत गुंतते. १० इंची भोक मोठा नॉर्दर्न पाईक किंवा लेक ट्राउट यांच्यासाठीच. सहा वर्षांची मुलगी बरोबर असेल तर १० इंची भोक नकोच, तिचा बुटासकट पाय त्यात सहज जाईल. आठ इंची भोकाशेजारीसुद्धा एखादी रंगीत काठी रोवून ठेवा.

उत्तरायण
१७ नोव्हेंबर

तलावकाठी यांचा हिशेब बरोबर आहे, पण तो २० इंचांचा आहे. मी मॅनिटोबात, विनिपेगमध्ये राहतो. लेक विनिपेगवर फेब्रुवारीच्या अखेरीस तीन फुटांहून जाड बर्फ असतो आणि तो फोडण्यासाठी ऑगरला एक फुटाची जोडनळी लावावी लागते. ज्या हिरवट पाठीच्या वॉलायसाठी लोक लांबून इथे येतात (आमच्याकडे त्याला पिकरेल म्हणतात), तो एका जागी थांबत नाही, म्हणून सकाळी पोहोचल्याबरोबर पंधरावीस भोके पाडून ठेवावी लागतात. उणे ३० अंशांत हे काम करायला मी अजूनही पेट्रोलवरच विसंबतो. पेट्रोल संपले तर डब्यातून ओतता येते. बॅटरी संपली तर नुसते बघत बसायचे.

मात्र पेट्रोलचे लाड पुरवावे लागतात, हेही कबूल केले पाहिजे. टू-स्ट्रोक इंजिनाला दर लिटर पेट्रोलमागे २० मिलिलिटर तेल, म्हणजे ५०:१ हे प्रमाण बहुतेक यंत्रांना चालते. काहींना ४०:१ लागते, ते टाकीच्या झाकणावर पाहावे. फोर-स्ट्रोकमध्ये तेल वेगळे असते, त्यामुळे मिसळण्याची कटकट वाचते, पण यंत्र गाडीत भलत्या बाजूवर आडवे पडले की तेच तेल कार्बोरेटरकडे जाते आणि तलावावर गेल्यावर दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ येते. हंगाम संपल्यावर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे केले नाहीत, तर इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आत चिकट थर धरून बसते. माझ्या पहिल्या यंत्राचा बळी असाच गेला, आणि दोष सर्वस्वी माझा होता.

कोकणी_सुतार
१७ नोव्हेंबर

मी बर्फ फक्त सोडा आणि सोलकढी यांच्यात पाहिला आहे, तेव्हा लहान तोंडी मोठा घास घेतो आहे. पण शीर्षकात ‘गिरमिट’ हा शब्द वाचून राहवले नाही. आमच्या धंद्यात लाकडाला भोक पाडायचे गिरमिट आणि दोरीने फिरवायचा सामता ही दोन्ही हत्यारे माझ्या आजोबांच्या पेटीत होती. धागाकर्त्याने टाकलेला फोटो पाहिला तर तुमचे ऑगर म्हणजे थोरल्या अंगाचे गिरमिटच आहे. मधले मळसूत्र भुसा वर आणते आणि कापण्याचे काम फक्त तळाची पाती करतात. मग माझा प्रश्न असा की, सगळे जण इंजिनावर बोलत आहेत, पात्यावर कुणी का बोलत नाही? बोथट गिरमिटाला कितीही जोर लावला तरी लाकूड जळते, कापले जात नाही.

तलावकाठी
१७ नोव्हेंबर

कोकणी_सुतार, बर्फ न पाहता तुम्ही नेमके वर्मावर बोट ठेवले.

पाती मुख्यतः दोन तऱ्हेची असतात. एक रंध्यासारखे सपाट आणि अतिशय धारदार पाते, जे बर्फाचा पातळ कीस काढत जाते. स्वच्छ, नव्या बर्फात याच्याइतके वेगवान काही नाही. स्वीडनमधल्या मोरा गावाचे नाव लावणारी हातऑगरे याच तऱ्हेची. दुसरे दातेरी, टोचे मारणारे पाते, जे कीस काढत नाही तर बर्फाचे तुकडे उडवते. ते हळू चालते आणि हाताला हादरे देते, पण कालचे गोठलेले भोक पुन्हा उघडायचे असेल, किंवा बर्फात वाळू आणि चिखल अडकलेला असेल, तर तेच कामाला येते. सपाट पाते जुन्या भोकात घातले की त्याच्या वाकड्या कडेत अडकून हिसका देते. ज्यांच्याकडे सपाट पाते आहे त्यांनी जुने भोक उघडण्याचा मोह टाळून हातभर बाजूला नवीन भोक पाडावे.

पाते खराब होण्याचे सगळ्यात मोठे कारण म्हणजे तळाची वाळू. काठाजवळ दीड फूट बर्फ आणि खाली जेमतेम वीतभर पाणी असेल, तर बर्फ फुटताक्षणी पाते वाळूत घुसते आणि एका क्षणात ते बोथट होते. हे मी तीनदा केले आहे. तिसऱ्यांदा बायकोने विचारले की, तू तलावाचा तळ शोधतो आहेस की मासे.

घरी कानशीने धार लावू नका. पात्याचा कोन बिघडला की ते बर्फ धरतच नाही, नुसते गोल गोल फिरते. पाती जोडीने बदलावीत आणि एक जोडी नेहमी पिशवीत असू द्यावी.

पेठेतला_प्रेक्षक
१८ नोव्हेंबर

पुण्यात पारा १२ वर आला की आम्ही कानटोपी काढतो, त्यामुळे हा धागा मी गोधडीत बसून वाचतो आहे. एक प्रामाणिक शंका : एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ पहार घेऊन घाव घातले तर चालत नाही का?

जुनाजाणता
१८ नोव्हेंबर

पेठेतला_प्रेक्षक, चार इंच बर्फात चालते, आणि हंगामाच्या सुरुवातीला पुष्कळ लोक तसेच करतात. पण पहारीने पाडलेले भोक वर रुंद आणि खाली अरुंद असे नरसाळ्यासारखे होते आणि त्याच्या धारदार कडेवर घासून तंगूस तुटते. एक फूट बर्फात तर खड्डा होतो, भोक होत नाही.

आता मूळ प्रश्नाबद्दल, थोडा विरोधी सूर लावून. मी मॅडिसनमध्ये राहतो, लेक मेंडोटावर पर्च धरतो आणि गेली अकरा वर्षे ६ इंची हातऑगर वापरतो. त्याला पेट्रोल नको, चार्जर नको, आवाज नाही. पाती नवी असतील तर १० इंच बर्फात एक भोक मिनिटभरात होते. थंडीचा_पाहुणा यांना घाम आला तो यंत्र नव्हते म्हणून नव्हे. शेजारच्या आजोबांची पाती बहुधा त्यांच्याच वयाची असावीत आणि अंगावरचे जाड जॅकेट तुम्ही भोक पाडताना काढले नसावे. आधी जॅकेट काढावे, भोके पाडावीत, मग जॅकेट घालून बसावे.

थंडीचा_पाहुणा
१८ नोव्हेंबर

जुनाजाणता, जॅकेट काढले नव्हते हे खरे आहे. पात्यांच्या वयाबद्दल आजोबांना विचारले. ते म्हणाले, “नव्वदच्या दशकात एकदा बदलली होती.”

विद्युतगती
१९ नोव्हेंबर

बॅटरीबद्दल वर थोडा अन्याय झाला आहे, म्हणून माझ्या पेशातले चार शब्द लिहितो.

लिथियम बॅटरी थंडीत ‘संपते’ असे आपण म्हणतो, पण ती संपलेली नसते. तापमान खाली गेले की तिच्या आतला विद्युतरोध वाढतो. मग ऑगरने एकदम जास्त प्रवाह मागितला की व्होल्टेज घसरते आणि आतले संरक्षक सर्किट तिला बंद पाडते. तीच बॅटरी अर्धा तास जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवली की पुन्हा काम करू लागते. म्हणून बॅटरी ऑगरला लावून घसरगाडीवर उघडी नेऊ नये. अंगाजवळ किंवा बंद डब्यात न्यावी आणि पहिल्या भोकाच्या वेळीच लावावी. दुसरा नियम याहून महत्त्वाचा आहे : गोठणबिंदूच्या खाली असलेली बॅटरी कधीही चार्ज करू नये. थंड अवस्थेत चार्ज केल्यास आत धातुरूप लिथियमचा थर साचतो आणि क्षमता कायमची कमी होते. घरी आल्यावर दोनतीन तास ती खोलीत पडू द्यावी, मग चार्जरला लावावी.

आकड्यांविषयी एक सावधगिरी. खोक्यावर मोठ्या अक्षरांत २० व्होल्ट लिहिलेले असते, तो पूर्ण चार्ज झाल्यावरचा आकडा असतो. चालताना ती १८ व्होल्टचीच बॅटरी असते. तसेच ४० म्हणजे प्रत्यक्षात ३६. म्हणून व्होल्ट न पाहता वॉट-तास पाहावेत. १८ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तास म्हणजे ९० वॉट-तास; ३६ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तास म्हणजे १८०. एवढीच शिदोरी घेऊन तलावकाठी यांनी सांगितलेला बर्फ वर काढायचा आहे.

आता ड्रिलविषयी. पाते तेवढ्याच खोलीने कापत असेल, तर लागणारे पीळबळ (टॉर्क) व्यासाच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे १० इंचाला ६ इंचाच्या पावणेतीन पट. म्हणून घरगुती ड्रिल घेऊन १० इंचाच्या वाटेला जाऊच नये. थंडीचा_पाहुणा, तुमच्या ड्रिलला अर्ध्या इंचाचा चक (पाते धरून ठेवणारा जबडा) आहे का? ब्रश नसलेली मोटर आहे का? बाजूला धरायची दुसरी मूठ आहे का? तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तरच पुढे बोलू.

थंडीचा_पाहुणा
१९ नोव्हेंबर

आत्ता गॅरेजमध्ये जाऊन पाहिले. चक १० मिलिमीटरचा, मूठ नाही, आणि मोटरमधून ठिणग्या दिसतात. उत्तर तिन्ही वेळा ‘नाही’ आहे.

विद्युतगती
१९ नोव्हेंबर

मग ते कपाटांसाठीच राहू द्या.

बर्फाळ_मासोळी
२० नोव्हेंबर

बाजूच्या मुठीचा विषय निघालाच आहे तर माझी गोष्ट सांगते, म्हणजे दुसऱ्या कुणावर ती वेळ येणार नाही.

आम्ही टोरंटोच्या उत्तरेला राहतो आणि लेक सिम्कोवर पर्चसाठी जातो. तीन वर्षांपूर्वी चांगले, ताकदवान ड्रिल आणि ८ इंची पाते घेतले. पण ‘एवढेसे तर वजन आहे’ म्हणून बाजूची मूठ घरीच ठेवली. सहा भोके लोण्यासारखी झाली. सातव्या भोकात पाते बर्फाच्या तळाशी पोहोचले, जिथे शेवटचा इंचभर थर फुटताना ते नेहमी अडकते, आणि पाते जागच्या जागी थांबून ड्रिलच माझ्या हातात फिरले. मनगट असे काही पिरगळले की डाव्या हाताने गाडी चालवत घरी यावे लागले. आता मूठ तर लावतेच, शिवाय ड्रिल कायम पहिल्या, म्हणजे हळू गिअरवर ठेवते आणि शेवटच्या दोन इंचांत दाबणे पूर्ण सोडून देते. खरे तर वरून दाबायचेच नसते. पाते चांगले असेल तर ते स्वतःच बर्फ खात खाली जाते.

आणखी एक गोष्ट. भोक झाल्यावर लगदा खाली ढकलण्यासाठी बरेच जण ड्रिल उलटे फिरवतात. ऑगरला कायमची जोडलेली मोटर असेल तर ही युक्ती उत्तम आहे. पण ड्रिलचा चक उलट फिरताना सैल होऊ शकतो, आणि मग संपूर्ण मळसूत्र हातातून सुटून तलावाच्या तळाशी जाऊन बसते. माझ्या दिराचे असेच तीस फूट पाण्यात गेले. ड्रिल आणि मळसूत्र यांच्यामध्ये भोकापेक्षा मोठी चकती मिळते, ती लावलेली असेल तर सुटलेले मळसूत्र भोकाच्या तोंडाशीच अडकते. के-ड्रिलसारख्या तयार संचांत अशी चकती असते. नसेल तर वेगळी घ्यावी.

उत्तरायण
२० नोव्हेंबर

बर्फाळ_मासोळी ताई, दिराच्या मळसूत्राला आमच्याकडून श्रद्धांजली.

ड्रिलचे सगळे फायदे मान्य करूनही विचारतो : तीन फूट बर्फात ड्रिल किती भोके पाडेल?

विद्युतगती
२० नोव्हेंबर

फार थोडी, आणि मधूनमधून मोटर गार होऊ द्यावी लागेल. पण धागाकर्ते विनिपेगला नव्हे, व्हाइट बेअर लेकला जाणार आहेत.

सावधान_पाऊल
२१ नोव्हेंबर

इतक्या प्रतिसादांत एक गोष्ट सुटली आहे, ती लिहिणे मला आवश्यक वाटते. ऑगर हे बर्फ किती जाड आहे ते तपासण्याचे पहिले साधन नव्हे. ऑगर घेऊन तुम्ही तलावाच्या मध्यावर पोहोचता आणि तिथे भोक पाडून बर्फ पातळ असल्याचे कळते, तेव्हा तुम्ही त्याच पातळ बर्फावर उभे असता. पेठेतला_प्रेक्षक यांनी विचारलेली पहार इथे खरी उपयोगी पडते : काठापासून दर काही पावलांवर पुढे घाव घालत जायचे, आणि एकदोन घावांत पहार आरपार गेली तर आल्या पावली मागे फिरायचे. त्यानंतर दर शंभरदीडशे फुटांवर ऑगरने भोक पाडून पट्टीने मोजायचे.

मिनेसोटाचे नैसर्गिक संसाधन खाते पायी चालण्यासाठी किमान ४ इंच आणि स्नोमोबाईलसाठी ५ ते ७ इंच नव्या, पारदर्शक बर्फाची शिफारस करते. पांढरा, बर्फवृष्टीतून तयार झालेला बर्फ असेल तर जाडी दुप्पट धरावी असे सांगते. आणि जाडी पुरेशी असली तरी वारा आणि भेगा यांचा भरवसा नसतो : डिसेंबर २०२३ च्या अखेरीस अप्पर रेड लेकवर बर्फाचा मोठा तुकडा काठापासून सुटला आणि शंभराहून अधिक मासेमारांना सोडवून आणावे लागले. तो हिवाळा इथे विलक्षण उबदार होता. मुली बरोबर आहेत, तेव्हा गळ्यात अडकवायचे खिळे (पाण्यात पडल्यास बर्फात रोवून वर यायचे) आणि तरंगणारे जॅकेट यांचा खर्च ऑगरच्या आधी करावा.

आणखी एक : तंबूच्या आत पेट्रोलचे किंवा प्रोपेनचे ऑगर सुरू करू नये. दोन्हींतून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वास नसतो. आतल्या आत भोक पाडायचे असेल तर विजेवरचेच हवे.

सोनकी
२१ नोव्हेंबर

प्रोपेनबद्दल कुणीच नीट लिहिले नाही म्हणून लिहिते. नवऱ्याने जिफी कंपनीचे प्रोपेनवर चालणारे यंत्र घेऊन पाच हंगाम झाले. तेल मिसळायचे नाही, कार्बोरेटरमध्ये काही साचत नाही, पेट्रोलचा वास गाडीत आणि मोज्यांत राहत नाही. कॅम्पिंगच्या शेगडीची एक पौंडाची टाकी लावली की झाले. अडचण एवढीच की प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळते, त्यामुळे तापमान उणे २५-३० च्या आसपास गेले की टाकीत दाब फारसा उरत नाही आणि यंत्र कुरकुरते. आम्ही टाकी रात्री घरातल्या गरम खोलीत नव्हे, तर गॅरेजमध्ये ठेवतो आणि तलावावर जाईपर्यंत गोधडीत गुंडाळतो. वजन मात्र पेट्रोलइतकेच, चौदा किलोच्या घरात. पायी जाणाऱ्याने हे घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

पेठेतला_प्रेक्षक
२१ नोव्हेंबर

माणसांना एक गोधडी, प्रोपेनला एक गोधडी. हिशेब बरोबर आहे.

तलावकाठी
२२ नोव्हेंबर

थंडीचा_पाहुणा, सगळे वाचून तुमच्यासाठी माझा सल्ला असा : ४० व्होल्टचे ८ इंची यंत्र उत्तम असते, त्यात स्ट्राइकमास्टर किंवा आयन यांपैकी कोणतेही घ्या; पण ते आठदहा किलोंचे आहे आणि घसरगाडीत तंबू, शेगडी, डबे आणि परतीच्या वाटेवर बहुधा एक मुलगीही असेल. म्हणून ब्रश नसलेले, मूठ असलेले नवे ड्रिल आणि ६ इंची हलके पाते, आणि सोबत दोन बॅटऱ्या. तेच ड्रिल उन्हाळ्यात घरीही कामाला येईल, म्हणजे घरच्या अर्थमंत्र्यांसमोर मांडायला मुद्दाही मिळतो.

वापरण्याविषयी एकदोन गोष्टी. एका भोकातून काढलेले ऑगर ओले असते आणि उणे १५ अंशांत पात्यावर क्षणात बर्फाचा पापुद्रा धरतो. मग पुढच्या भोकाला ते बर्फ पकडतच नाही आणि माणसाला वाटते की पाती गेली. भोकातून काढल्याबरोबर ते हवेत दोन सेकंद जोरात फिरवून पाणी झटकावे. गोठलेच तर तलावाच्या पाण्यात बुडवून धरावे, पापुद्रा सुटतो. बर्फावर आपटू नये. आणि आधी सगळी भोके पाडून घ्यावीत, मग बसावे. दर दहा मिनिटांनी आवाज केला की उथळ पाण्यातले मासे पांगतात. झारा विसरू नये, नाहीतर भोकातला कीस हाताने काढावा लागतो.

थंडीचा_पाहुणा
२० जानेवारी

मंडळी, उशीर झाला, पण वृत्तांत लिहितो म्हणालो होतो.

तलावकाठी यांचे ऐकले. नवे ड्रिल, बाजूची मूठ, ६ इंची पाते, मधली चकती, दोन बॅटऱ्या आणि एक पहार. शनिवारी मिल लॅक्सवर गेलो. काठापासून पहार मारत गेलो; थोरलीने प्रत्येक घाव मोठ्याने मोजला. आम्ही थांबलो तिथे पट्टीवर १४ इंच बर्फ भरला. सकाळी उणे २१ सेल्सिअस होते. दोन्ही बॅटऱ्या बायकोच्या जॅकेटमध्ये होत्या, कारण माझ्या खिशात डबा होता.

जॅकेट काढून उभा राहिलो आणि पहिले भोक किती वेळात झाले ते मोजायचे विसरलो, एवढे ते पटकन झाले. शेवटच्या दोन इंचांत बर्फाळ_मासोळी ताईंची आठवण ठेवून दाबणे सोडले. तरीही एक हिसका बसलाच, पण मूठ होती म्हणून निभावले. पहिल्या बॅटरीवर अकरा भोके झाली. बारावे अर्ध्यावर असताना ड्रिल बंद पडले, तेव्हा दुसरी लावली. पहिली पुन्हा जॅकेटमध्ये गेली आणि दुपारी तिने आणखी दोन भोके दिली. चौथ्या भोकाला पाते नुसते फिरायला लागले तेव्हा मी घाबरलो होतो, पण पाण्यात बुडवल्यावर पापुद्रा निघाला आणि पुढे त्रास झाला नाही.

मासे : पर्च नऊ, वॉलाय एक. तो वॉलाय ६ इंची भोकात वर येताना आडवा झाला आणि मी गुडघ्यावर बसून, हात कोपरापर्यंत पाण्यात घालून त्याचे डोके वळवले. तेव्हा ८ इंचांचा मुद्दा मला हाताने समजला.

झारा मात्र विसरलो. नेमका तोच. धाकटीने डब्याच्या पिशवीतून पुऱ्यांचा झारा काढून दिला. पुऱ्या नव्हत्या, पण झारा कसा आला हे कुणालाच माहीत नाही. दिवसभर त्यानेच कीस काढला. आता तो घसरगाडीतच राहतो.

जुनाजाणता
२० जानेवारी

अभिनंदन. ६ इंचात वॉलाय वर आला याचा आनंद आहे. आजोबांच्या ऑगरला नवी पाती घेऊन द्या. त्यांनी तुम्हाला तलाव दाखवला.

थंडीचा_पाहुणा
२० जानेवारी

नाताळातच दिली. त्यांनी जुनी पाती खिळ्याला टांगून ठेवली आहेत.

बर्फाळ_मासोळी
२१ जानेवारी

पुऱ्यांच्या झाऱ्याची दांडी धातूची असणार. तिला कापडी पट्टी गुंडाळा, नाहीतर ओल्या हाताने धरल्यावर कातडी चिकटेल. आणि प्रत्येक वेळी भोकाच्या कडेवर एकदा हलकेच आपटा, म्हणजे त्याची भोके गोठून बुजत नाहीत.